सिकलसेल : रक्तवाहिन्यांवरील आघात आणि आधीच ओळखता येणारा पक्षाघात

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची ओळख बहुतेकांना दोन लक्षणांनी असते : अंगात रक्त कमी असणे आणि हाडे-सांधे असह्य दुखणे. विवाहपूर्व तपासणीमुळे ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ हे शब्दही विदर्भातील गावागावांत रुळले आहेत. मात्र या आजारात ज्यामुळे रुग्णाचा जीव धोक्यात येतो किंवा आयुष्यभराचे अपंगत्व येते, ते बरेचदा रक्तवाहिन्यांत घडते आणि दुखण्याविना घडते. मेंदूची धमनी आतून अरुंद होत जाते, फुप्फुसांतील रक्तदाब चढत जातो, डोळ्याच्या पडद्यावरील सूक्ष्म वाहिन्या बुजतात. रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. यांतील सर्वांत भीषण गुंतागुंत म्हणजे लहान मुलांना होणारा पक्षाघात, म्हणजेच स्ट्रोक. तो होण्याआधी ओळखता येतो आणि बहुतांशी टाळताही येतो, हे १९९८ पासून सिद्ध झालेले आहे. त्यासाठी लागणारे उपकरण सोनोग्राफीच्या जातीचे आहे आणि लागणारे औषध फार महाग नाही. तरीही या तपासणीचे नाव रुग्णांच्या कुटुंबांना क्वचितच ठाऊक असते.

या विषयाचा विचार करताना हैदराबादचे उदाहरण उपयोगी पडते. पेशी व रेणू जीवशास्त्राचे संशोधन करणारी सीसीएमबी ही राष्ट्रीय संस्था १९७७ पासून या शहरात आहे. तेथील वैद्यकीय आनुवंशिकीतज्ज्ञ डॉ. गिरिराज चांडक यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने सिकलसेलवरील आपला देशव्यापी प्रकल्प राबवला. निझाम्स इन्स्टिट्यूट, उस्मानिया आणि गांधी ही मोठी सरकारी रुग्णालये, मुलांसाठीचे निलोफर रुग्णालय आणि डोळ्यांसाठीची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था येथे आहेत. पालक, रुग्ण आणि डॉक्टर यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेली थॅलसेमिया अँड सिकल सेल सोसायटी राजेंद्रनगर परिसरातील आपल्या केंद्रात अशा रुग्णांना रक्त देण्याचे काम करते. म्हणजे या आजाराशी लढण्यासाठी जे जे लागते, ते बहुतेक सारे एका शहरात सापडते. पण तेलंगणातील सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने जेथे राहतात, तो गोंड, कोलाम, परधान वस्तीचा आदिलाबादचा प्रदेश राजधानीपासून सुमारे तीनशे किलोमीटर उत्तरेला आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. सीमा बदलली, पण नातीगोती, बाजारहाट आणि मराठी बोली आजही दोन्ही बाजूंना तशीच आहे. आणि रक्तातील हा दोषही सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच वाहतो.

एका अमिनो आम्लाचा फरक

शिकागोतील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी पाहिल्याचे नोंदवले. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की दोष पेशीत नसून तिच्यातील हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूत सापडण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो फरक नेमका कोणता हे शोधले : बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. भारतात ही पेशी प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये लेहमन आणि कटबुश यांना आढळली.

आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले, तर अपत्य एसएस म्हणजे रुग्ण होते. एकाकडूनच आले, तर ते एएस म्हणजे वाहक. हा भेद येथे आवर्जून सांगायला हवा, कारण विवाह जुळवताना वाहकालाच रोगी समजण्याची चूक आजही होते. या लेखात पुढे ज्या गुंतागुंती येतात, त्या रुग्णांच्या आहेत. वाहक व्यक्ती सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगते.

ऑक्सिजन सोडल्यावर हे सदोष हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एस, एकमेकांना चिकटून लांब तंतू तयार करते. पेशी ताठर होते, वाकते आणि सूक्ष्म केशवाहिन्यांत अडकते. अनेक दशके या आजाराचे स्पष्टीकरण येथेच थांबत असे : नळीत गाळ अडकला, पाणी तुंबले. दुखण्याच्या झटक्यांसाठी ते पुरेसेही होते. पण मेंदूच्या ज्या धमन्यांत बिघाड होतो, त्या काही केशवाहिन्या नव्हेत. त्या चांगल्या रुंद असतात, तेथे एकेक पेशी अडकून प्रवाह बंद होणे शक्य नाही. मग त्या का अरुंद होतात?

त्याचे उत्तर पेशींच्या अल्पायुष्यात आहे. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात ती दहा ते वीस दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशीतील हिमोग्लोबिन रक्तद्रवात मोकळे फिरू लागते. रक्तवाहिनीच्या आतील अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सतत तयार करत असते. वाहिनी सैल ठेवणे, तिच्या भिंतीला पेशी चिकटू न देणे आणि गुठळी होऊ न देणे ही त्याची कामे. मोकळे हिमोग्लोबिन हा वायू जवळजवळ तत्क्षणी नष्ट करते. २००२ मध्ये अमेरिकी संशोधकांनी रुग्णांमध्ये हे दाखवून दिले. वाहिनी आकसते, अस्तर सुजते, पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिका त्याला चिकटतात. जखम भरताना भिंतीचा आतला थर जाड होतो, पुन्हा इजा होते, पुन्हा जाड होतो. वर्षानुवर्षे हे चालू राहिले की धमनीचे तोंड बारीक होते. यामुळेच सिकलसेलला आता केवळ रक्ताचा नव्हे, तर रक्तवाहिन्यांचाही जुनाट आजार मानले जाते.

मेंदूच्या धमन्या

मेंदूला रक्त पुरवणारी अंतर्गत ग्रीवा धमनी कवटीत शिरल्यावर जेथे दोन फाट्यांत विभागते, त्या परिसरात हा बिघाड सर्वाधिक दिसतो. प्रमुख धमनी बंद होत आली की शरीर आजूबाजूला असंख्य नाजूक उपवाहिन्या तयार करते. अँजिओग्राफीत त्या धुराच्या लोटासारख्या दिसतात म्हणून जपानी भाषेतील मोयामोया हे नाव त्यांना मिळाले. या उपवाहिन्या मेंदूला काही काळ तगवतात. त्याच पुढे तारुण्यात फुटतात. त्यामुळे या आजारातील पक्षाघाताची दोन वये आहेत. बालपणी, विशेषतः दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान, धमनी बंद होऊन होणारा, आणि विशीत मेंदूत रक्तस्राव होऊन होणारा.

अमेरिकेत तपासणी आणि प्रतिबंधाची सोय नव्हती त्या काळातील मोठ्या पाहणीनुसार एसएस रुग्णांपैकी सुमारे ११ टक्क्यांना वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत पक्षाघात होत असे. एकदा पक्षाघात झालेल्या मुलाला उपचाराविना सोडले, तर बहुसंख्यांना दोन-तीन वर्षांत दुसरा होतो. लक्षणे प्रौढांसारखीच असतात : तोंड एका बाजूला ओढणे, हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक फिट येणे. पण पाच वर्षांच्या मुलाला पक्षाघात होऊ शकतो, हेच घरच्यांच्या मनात येत नाही. मूल पडले असेल, अशक्तपणा आला असेल, कुणाची नजर लागली असेल, असे म्हणून मोलाचे तास निघून जातात.

याहून फसवा प्रकार म्हणजे मूक पक्षाघात. यात हातपाय शाबूत राहतात. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागातील छोटे तुकडे मात्र मरतात. एमआरआय केल्याशिवाय तो कळत नाही, आणि वरवर धडधाकट दिसणाऱ्या मुलाचा एमआरआय कोण करणार? तरुण वयापर्यंत तीनापैकी एकाहून अधिक एसएस रुग्णांच्या मेंदूत अशा खुणा आढळतात. मूल वर्गात मागे पडू लागते, लक्ष लागत नाही, पाढे पाठ होत नाहीत. शिक्षक आळशी म्हणतात, पालक रागावतात. आश्रमशाळेतील अशा किती मुलांच्या ‘आळसा’चे कारण मेंदूतील या खुणा असतील, हा प्रश्न आदिवासी शिक्षणावरील चर्चेत यायला हवा, तो फारसा येत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मूक पक्षाघात झालेल्या मुलांना नियमित रक्त दिल्याने पुढील आघातांचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले.

दोनशेची रेषा

नळाच्या तोंडावर बोट ठेवले की पाण्याची धार जोरात उडते. अरुंद झालेल्या धमनीतूनही रक्त अधिक वेगाने जाते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट अॅडम्स यांनी या साध्या नियमाचा उपयोग केला. कानशिलावर, जेथे कवटीचे हाड सर्वांत पातळ असते, तेथे डॉपलरचे टोक टेकवून मेंदूतील धमनीतला वेग मोजायचा. या तपासणीचे नाव ट्रान्सक्रेनियल डॉपलर किंवा टीसीडी. सुई नाही, क्ष-किरण नाही, भूल नाही. अर्ध्या-पाऊण तासाचे काम. मूल जागे आणि शांत असावे, तापात नसावे, एवढीच अट, कारण झोप आणि ताप या दोहोंनी आकडा बदलतो.

वेग सेकंदाला १७० सेंटिमीटरहून कमी असेल, तर तो सामान्य मानतात. १७० ते १९९ ही सावधगिरीची पातळी. २०० किंवा त्याहून अधिक असेल, तर पक्षाघाताचा धोका मोठा. ही २०० ची रेषा ओलांडलेल्या १३० मुलांवर अमेरिकेत झालेल्या ‘स्टॉप’ या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये जाहीर झाले. नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्या ६७ मुलांपैकी ११ जणांना पक्षाघात झाला. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त दिलेल्या ६३ मुलांपैकी एकाला. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीपूर्वी थांबवून सर्व मुलांना रक्त देणे सुरू करावे लागले. लहान मुलांच्या वैद्यकात इतका निर्णायक प्रतिबंध क्वचितच सापडतो. तेव्हापासून एसएस मुलांची टीसीडी वयाच्या दुसऱ्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत दरवर्षी करावी, अशी शिफारस आहे. प्रौढांसाठी मात्र ही रेषा लागू होत नाही. त्यांचा धोका या आकड्यावरून वर्तवता येत नाही.

रक्त देण्यामागील हेतू शरीरातील हिमोग्लोबिन एसचे प्रमाण ३० टक्क्यांच्या खाली आणणे हा असतो. परंतु हा उपाय दीर्घकाळ निभावणे कठीण आहे. प्रत्येक पिशवीबरोबर शरीरात लोह साठते आणि ते यकृत व हृदयाला इजा करते. ते बाहेर काढण्यासाठी वेगळी औषधे लागतात. परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि जुळणारे रक्त मिळेनासे होते. शिवाय रक्त घाईने चढवणेही धोक्याचे. हिमोग्लोबिन एसचे प्रमाण जास्त असताना एकूण हिमोग्लोबिन दहाच्या वर नेले, तर रक्त दाट होऊन धमनीतील प्रवाह मंदावतो. म्हणूनच प्रत्यक्ष पक्षाघात झालेल्या रुग्णाला नुसते रक्त चढवण्यापेक्षा जुने काढून नवे घालणे, म्हणजे रक्ताची अदलाबदल, अधिक सुरक्षित मानली जाते. मग काही वर्षांनी रक्त देणे बंद करता येईल का, हे पाहणारी दुसरी चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. वेग सामान्य झाल्यावर ज्या ४१ मुलांचे रक्त थांबवले, त्यांतील १४ जणांचा वेग पुन्हा वाढला आणि दोघांना पक्षाघात झाला.

या कोंडीतून वाट काढली ती हायड्रॉक्सीयुरिया या जुन्या औषधाने. ते गर्भकाळातील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. हे हिमोग्लोबिन सिकलसेलच्या तंतूंना जुळू देत नाही. १९९५ मध्ये प्रौढांवरील चाचणीत या गोळीने दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आणले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्विच’ या चाचणीत, निदान वर्षभर रक्त घेतलेल्या आणि धमन्यांत गंभीर बिघाड नसलेल्या मुलांना पक्षाघात टाळण्यासाठी ही गोळी रक्तसंक्रमणाइतकीच उपयुक्त ठरली. गोळी रोज, वर्षानुवर्षे घ्यावी लागते. पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिका घटत नाहीत ना, हे पाहण्यासाठी ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. गर्भधारणेचा विचार करताना डॉक्टरांचा सल्ला आवश्यक असतो. कर्करोगाच्या उपचारातही हे औषध वापरतात, हे पाकिटावर वाचून किंवा कुणाकडून ऐकून अनेक पालक ते बंद करतात. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत पाच मिनिटे देऊन याचा खुलासा केला, तर पुढचे बरेच नुकसान टळते.

भारतीय आजार सौम्य आहे का?

१९८६ मध्ये ओडिशातील रुग्णांवरील अभ्यासात दिसले की त्यांच्यात गर्भकालीन हिमोग्लोबिन जास्त आणि आजार जमैकातील रुग्णांपेक्षा सौम्य आहे. भारतातील सिकलसेल जनुकाची घडण आफ्रिकेतील घडणीहून वेगळी आहे, तिला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. अनेक आदिवासी समाजांत अल्फा थॅलसेमियाचा अंशही सोबत येतो आणि त्यामुळे पेशी फुटण्याचे प्रमाण घटते. या निरीक्षणांतून ‘आपल्याकडे हा आजार सौम्य असतो’ असे एक वाक्य तयार झाले आणि ते पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या पुढे गेले.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील अनुभव या वाक्याला छेद देणारा आहे. तेथे डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी पाहिलेल्या मुलांत तीव्र आजार असलेली मुले पुष्कळ होती. त्यांना शरीराच्या वजनाप्रमाणे किलोमागे १० मिलिग्रॅम या कमी, ठरावीक मात्रेत हायड्रॉक्सीयुरिया देऊन त्यांनी चांगले परिणाम नोंदवले. मध्य भारतात सिकलसेल केवळ आदिवासींत नाही, अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीयांतही आहे, आणि सर्वांत त्याची तीव्रता एकसारखी नाही. भारतीय मुलांत पक्षाघात पाश्चात्त्य देशांतील आफ्रिकी वंशाच्या मुलांच्या तुलनेत कमी आढळतो, हे खरे. पण कमी म्हणजे नाही असे नव्हे. देशातील रुग्णांची प्रचंड संख्या लक्षात घेता थोडे टक्केही हजारो मुलांत मोजावे लागतात. शिवाय जे मूल तपासलेच नाही, त्याचा मूक पक्षाघात कोणत्याही आकडेवारीत येत नाही.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे लक्ष्य. त्यातील सतरा राज्यांत महाराष्ट्र, तेलंगण आणि कर्नाटक आहेत, गोवा नाही. गोव्याच्या मूळ लोकसंख्येत हा प्रश्न मध्य भारताइतका मोठा नसल्याने हे समजण्याजोगे आहे. परंतु येथील बांधकामांवर, हॉटेलांत आणि औद्योगिक वसाहतींत झारखंड, ओडिशा, छत्तीसगडमधून आलेली कुटुंबे राहतात. अशा कुटुंबातील फिकट, कावीळ झाल्यासारखे दिसणारे आणि वारंवार हातपाय दुखणारे मूल दवाखान्यात आले, तर लोहाच्या गोळ्या लिहून देण्यापूर्वी हिमोग्लोबिनचा प्रकार तपासून पाहणे शहाणपणाचे. सिकलसेलमधील रक्तक्षयावर लोह हे औषध नव्हे.

फुप्फुसे आणि इतर अवयव

मेंदूनंतर सर्वाधिक घातक ठरतात ती फुप्फुसे. त्यांचे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची गल्लत होऊ नये. पहिला अचानक येतो : ताप, छातीत दुखणे, धाप, आणि क्ष-किरण चित्रात नवा डाग. याला तीव्र छाती लक्षणसमूह म्हणतात. तो न्यूमोनियासारखा दिसतो. कधी जंतुसंसर्गाने, तर कधी हाडातील मृत मज्जेची चरबी रक्तातून फुप्फुसात जाऊन अडकल्याने होतो. पाठीच्या किंवा मांडीच्या तीव्र वेदनेसाठी दाखल झालेल्या रुग्णाला दोन-तीन दिवसांनी धाप लागली, तर हाच संशय प्रथम घ्यावा लागतो. ऑक्सिजन, प्रतिजैविके आणि वेळेवर रक्त दिले तर रुग्ण वाचतो. उशीर झाला तर काही तासांत दगावू शकतो.

दुसरा हळूहळू येतो. फुप्फुसांतील धमन्या जाड होऊन तेथील रक्तदाब वाढतो आणि हृदयाच्या उजव्या भागावर ताण पडतो. २००४ मध्ये अमेरिकेतील १९५ प्रौढ रुग्णांच्या इको तपासणीत ३२ टक्क्यांमध्ये या दाबाची चिन्हे दिसली आणि अशा रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी अधिक होते. पुढे फ्रान्समधील अभ्यासात हृदयात नळी घालून प्रत्यक्ष दाब मोजल्यावर खरा आजार सुमारे सहा टक्क्यांत आढळला. म्हणजे इको हा इशारा आहे, निदान नव्हे. येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. इतर कारणांनी होणाऱ्या फुप्फुसी उच्च रक्तदाबात सर्रास वापरले जाणारे सिल्डेनाफिल हे औषध सिकलसेलच्या रुग्णांवर तपासले गेले, तेव्हा दुखण्याचे झटके वाढून अधिक रुग्णांना दाखल करावे लागले आणि २००९ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. धाप लागते म्हणून एका तज्ज्ञाने लिहून दिलेली गोळी दुसऱ्या आजारात अपाय करू शकते, म्हणून रुग्णाने प्रत्येक डॉक्टरला आपला आजार आधी सांगावा.

डोळ्यांच्या दृष्टिपटलावरील वाहिन्या बुजल्या की कडेला नव्या, कमकुवत वाहिन्या उगवतात आणि त्या फुटून दृष्टी जाते; वेळीच लेझर केल्यास ती वाचवता येते. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जाणारा रक्तपुरवठा तुटला की खुब्याचा गोळा झिजतो. भारतीय रुग्णांत हे विशेष आढळते आणि विशी-तिशीतील तरुण लंगडू लागतो. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म वाहिन्या बिघडल्याचे पहिले चिन्ह लघवीतून जाणारी प्रथिने. पुरुषांमध्ये लैंगिक इच्छेविना तासन्‌तास राहणारी वेदनादायक ताठरता हीदेखील रक्त तुंबण्याचीच घटना आहे. लाजेपोटी ती लपवली जाते. चार तासांहून अधिक काळ टिकली, तर कायमची हानी होऊ शकते. शिरांत गुठळ्या होण्याचा धोका या रुग्णांना सर्वसामान्यांपेक्षा जास्त असतो आणि गरोदरपणात तो आणखी वाढतो. बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच व्हावे, असा आग्रह डॉक्टर धरतात तो यासाठी.

नव्या औषधांची कहाणी मिश्र आहे. मोठ्या आशेने आलेले व्हॉक्सेलोटर हे औषध सुरक्षिततेच्या चिंतेमुळे उत्पादक कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये जगभरातून मागे घेतले. जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचाराला डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण त्याची किंमत बहुतेक देशांच्या आवाक्याबाहेर आहे. जुळणाऱ्या भावंडाच्या मज्जेचे प्रत्यारोपण हा रोगमुक्तीचा जुना मार्ग आहे, मात्र जुळणारे भावंड थोड्यांनाच लाभते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. पक्षाघाताने हातपाय गेलेल्या रुग्णालाच नव्हे, तर या रक्तविकाराच्या रुग्णालाही नियमांनुसार प्रमाणपत्र मिळू शकते.

हैदराबादचे अंतर

उटनूर किंवा किनवटच्या परिसरातील एखाद्या एसएस मुलाची टीसीडी हैदराबादला करायची, तर त्याच्या वडिलांची निदान दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि हे दरवर्षी करायचे असते. वेग २०० च्या वर निघाला, तर दर महिन्याला रक्तासाठी यायचे. आदिलाबादला वैद्यकीय महाविद्यालय झाल्यापासून काही अंतर घटले आहे. तरीही हे वेळापत्रक शहरातील सुखवस्तू कुटुंबालाही कठीण, हे मान्य करायला हवे.

हीच अडचण उत्तर नायजेरियात याहून मोठी होती. तेथील कानो आणि कदुना या शहरांत स्थानिक कर्मचाऱ्यांना टीसीडी शिकवण्यात आली. धोक्याची रेषा ओलांडलेल्या २२० मुलांना रक्ताऐवजी थेट हायड्रॉक्सीयुरिया दिले गेले, निम्म्यांना किलोमागे १० मिलिग्रॅम आणि निम्म्यांना २० मिलिग्रॅम. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांत पक्षाघाताचे प्रमाण सारखेच कमी राहिले. मात्र कमी मात्रेच्या गटात इतर कारणांनी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग अधिक आले. १० मिलिग्रॅमची ही मात्रा नागपूरच्या डॉक्टरांनी दहा वर्षे आधी वापरलेलीच आहे. सिकलसेल अभियानात वाहक-रुग्ण ओळखण्याची तपासणी गावापर्यंत पोचली आहे. त्याच तालुका रुग्णालयात डॉपलरचे एक उपकरण, ते हाताळायला शिकलेली एक परिचारिका, आणि गोळ्यांचा न तुटणारा पुरवठा ही त्यापुढची पायरी. एसएस निदान झालेल्या दोन वर्षांवरील मुलाच्या पालकांनी तोपर्यंत आपल्या डॉक्टरांना विचारण्याचा प्रश्न एकच आहे : टीसीडी झाली का, आणि आकडा किती आला?